पावसाचा खंड: तुऱ्यातला मका ज्वारीच्या पाळीवर ठेवू नका

पावसाने ओढ दिली की ज्वारी, मका आणि चारापिकं एकाच विहिरीवर भिजतात आणि पाणी वाफ्यांच्या क्रमाने फिरतं. मक्याची कणसं बोडकी राहतात ती इथेच. तुरा (शेंड्यावरचा नर फुलोरा) निघण्याआधी एक आठवडा आणि स्त्रीकेसर (कणसाच्या टोकाचे रेशमी केस) निघाल्यावर दोन आठवडे क्रम मोडा. पहिलं पाणी मक्याला.

कारण पानात आहे. गवतवर्गीय पिकांत पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, शिरांच्या बाजूने ओळीत, पानाच्या दोन्ही अंगांना असतात आणि चटकन उघडतात-मिटतात. पण प्रत्येकाची ठेवण निराळी. भाताची रंध्रं बारीक आणि दाट. गव्हाची वरच्या अंगाला जास्त, त्यामुळे पान आत वळलं की ती झाकली जातात. मक्याची खालच्या अंगाला जास्त. वळलेल्या पानातही ती बाहेरच राहतात. ज्वारी पेशीत साखर आणि क्षार साठवून कोरड्या जमिनीतही रंध्रं थोडी उघडी ठेवते, पाऊस आला की सावरते. मक्याचं स्त्रीकेसर ताणात उशिरा निघतं, तोवर पराग झडून गेलेला असतो. त्यानंतर दिलेल्या पाण्याने दाणे धरत नाहीत. या काळात सहा-आठ दिवस कोमेजलेला मका निम्म्यापर्यंत उत्पादन घालवतो.

दुपारी पान वळलं तर घाबरू नका, पण सकाळी आठ वाजताही वळलेलंच असेल तर उशीर झालाच आहे. त्याआधीची खूण: दुपारी दोनच्या सुमारास भिजलेल्या आणि न भिजलेल्या वाफ्यातली उन्हातली पानं हाताच्या पाठीला लावून पाहा. रंध्रं मिटलेलं पान गरम लागतं. हा अंदाज आहे, पण पान वळायच्या आधी सावध करतो.

पाणी कमी असेल तर एक आड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या. अर्धं शेत पूर्ण भिजवून अर्धं कोरडं सोडू नका.

'बाष्परोधक' (पानातून पाणी उडणं कमी करणारं फवारणीचं औषध) म्हणून महागडी बाटली गळ्यात मारली जाते, ती तुऱ्यातल्या मक्यावर नको. रंध्रं बंद केली की कर्बवायूही बंद, म्हणजे दाण्याचं अन्नच बंद. रंध्रांची उघडझाप पालाशवर चालते. फवारायचंच तर 13-00-45 हे नत्र-पालाशचं विद्राव्य खत 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, संध्याकाळी. ते पाण्याच्या पाळीची जागा घेत नाही. पैसे थोडे असतील तर आधी पंपाला डिझेल.

बाकी कामं:
- उथळ कोळपणी, भेगा बुजवणे
- ओळींमध्ये काडीकचऱ्याचं आच्छादन
- तण काढणे
- नत्राचा हप्ता ओल असेल तरच

ताण बसलेली कोवळी ज्वारी आणि पावसानंतर तिला फुटलेले नवे धुमारे जनावरांना घालू नका. त्यात विषारी हायड्रोसायनिक आम्ल वाढतं, जनावर काही मिनिटांत दगावू शकतं.