अमेरिकेतल्या कॉलेज सामन्याला जाताना खायचे काय, कधी आणि कुठून

अमेरिकेत शिकणारी मुले भेटीला आलेल्या आईवडिलांना विद्यापीठाचा बास्केटबॉल किंवा अमेरिकी फुटबॉल सामना दाखवायला हौसेने घेऊन जातात. तिकिटे, पार्किंग, थंडीचे कपडे यांची चौकशी आठवडाभर आधी होते. खाण्याचा विचार मात्र पोटात कावळे ओरडू लागल्यावर सुरू होतो, आणि तोवर प्रत्येक काउंटरपुढे शंभर माणसे उभी असतात. बास्केटबॉलचा सामना साधारण दोन तास चालतो, फुटबॉलचा साडेतीन तासांच्या आसपास, आणि त्यात पार्किंग व सुरक्षा तपासणीचा वेळ मिळवला तर एक जेवण हमखास चुकते. बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडले की पुन्हा आत घेत नाहीत, म्हणून हे जेवण कसे निभवायचे ते आधीच ठरवलेले बरे.

सुरुवातीला तिथले अन्न बेताचे का असते ते समजून घेतले पाहिजे, कारण काय घ्यावे आणि काय टाळावे याचे उत्तर त्यातच आहे. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 सालचे आहे आणि कॅन्ससचे अ‍ॅलन फील्डहाउस 1955 सालचे. अशा वास्तू उभ्या राहिल्या तेव्हा प्रेक्षक फार तर पॉपकॉर्न आणि थंड पेय घेईल एवढीच अपेक्षा होती, त्यामुळे आसनांमागचे गोल मार्ग अरुंद आहेत आणि स्वयंपाकाची सोय नंतर कुठेतरी कोपऱ्यात बसवलेली आहे. त्यात वेळेचे गणित आणखी अवघड. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 15 मिनिटांचे मध्यंतर असते. अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. त्यांतला चौथा हिस्सा जरी मध्यंतरात उठला तरी जवळजवळ चार हजार माणसांना पाव तासात खायला द्यावे लागते. मागणीप्रमाणे शिजवून हे होणे शक्यच नाही. म्हणून पदार्थ आधी तयार करून, फॉइलमध्ये गुंडाळून गरम कपाटात ठेवलेले असतात, आणि तुमच्या हातात येतो तो हॉट डॉग अर्धा-पाऊण तासापूर्वीचा असू शकतो.

यावरून निवडीचा एक साधा नियम निघतो. जे पदार्थ थांबल्याने फारसे बिघडत नाहीत ते मध्यंतरात घ्यावेत: पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झेल (पिळा घातलेला खारा पाव), बंद पाकिटातले शेंगदाणे, आइस्क्रीम. जे थांबल्याने मरतात, म्हणजे फ्रेंच फ्राइज, चिकन टेंडर, बर्गर आणि पिझ्झाचा तुकडा, ते सामना सुरू होण्यापूर्वी किंवा खेळ चालू असताना घ्यावेत, कारण तेव्हा कढई चालू असते आणि गिऱ्हाईक कमी असते.

वेळ कशी साधावी

कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्या नव्या माणसाला ठाऊक नसलेली, पण रांगेच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे टीव्हीच्या जाहिरातींसाठी ठरलेले विराम. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक डावात 20 मिनिटांवरून उलटे चालणारे घड्याळ 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली गेल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तेव्हा हा विराम मिळतो. पहिल्या डावातला 8 मिनिटांच्या खालचा विराम सुरू होताच उठावे. खेळाची दोन-तीन मिनिटे हुकतात हे खरे, पण मध्यंतराची लाट येण्यापूर्वी तुम्ही जागेवर परत आलेले असता. ज्यांना खेळाचा एकही क्षण सोडायचा नाही त्यांनी घरून जेवून यावे. दोन्ही साधण्याचा मार्ग मला तरी दिसलेला नाही. परत येताना एक लक्षात ठेवावे की काही ठिकाणी खेळ चालू असताना स्वयंसेवक प्रेक्षकांना दारातच थोपवून धरतात, म्हणून हातात गरम ट्रे असेल तर पुढच्या विरामाचा अंदाज घेऊनच आत वळावे.

महिलांचे सामने 2015-16 च्या हंगामापासून 10 मिनिटांच्या चार पर्वांत खेळले जातात, तेव्हा पहिल्या पर्वाचा शेवट हीच योग्य वेळ. फुटबॉलचे मध्यंतर 20 मिनिटांचे असते, पण ते विद्यापीठाच्या बँडचे असते, आणि तो कार्यक्रम सोडून नाचोजसाठी रांगेत उभे राहणे म्हणजे निव्वळ करंटेपणा. दुसऱ्या पर्वाच्या मध्याला जाऊन यावे.

जागेबाबतही तसेच. मुख्य दारासमोरचे पहिले काउंटर बहुतेक जण धरतात. सामन्याच्या अर्धा तास आधी आत जाऊन एकदा पूर्ण फेरी मारली, तर वरच्या मजल्यावरची किंवा मागच्या टोकाची मोकळी काउंटरे आणि एकच पदार्थ ताजा करून देणाऱ्या गाड्या सापडतात. या फेरीत स्थानिक पदार्थही कळतो. नेब्रास्काच्या मेमोरियल स्टेडियममध्ये रुन्झा मिळतो. पावाच्या आत बीफ, कोबी आणि कांदा भरलेला हा पदार्थ त्या राज्याबाहेर क्वचितच भेटतो. जिथे असे काही स्थानिक असेल तिथे मांसाहारी माणसाने तेच घ्यावे, कारण गावच्या नावाने विकला जाणारा पदार्थ वाईट निघाला तर गावच बोलते.

समोर आलेले ताट कसे पारखावे

अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेनुसार गरम पदार्थ किमान 57 अंश सेल्सिअसला आणि थंड पदार्थ 5 अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवायचे असतात. तुमच्या हातात थर्मामीटर नसतो, पण डोळे असतात. फ्राइज कढईतून काढून थेट डब्यात भरल्या जात आहेत की लाल दिव्याखाली ढीग करून ठेवल्या आहेत ते रांगेतूनच दिसते. पॉपकॉर्नचे यंत्र चालू आहे की मोठ्या प्लास्टिक पिशवीतून कालचे ओतले जात आहे, तेही दिसते. नाचोजच्या दोन कप्प्यांच्या ट्रेमध्ये पिवळे चीज पंपाने सोडतात. त्या चीजवर साय धरलेली दिसली, किंवा पंपाच्या तोंडाशी ते वाळून तपकिरी झाले असेल, तर ते बराच वेळ तसेच पडून आहे असे समजावे. हॉट डॉगचे फॉइल उघडल्यावर पाव तळाशी ओला लागला तर तो गरम कपाटात घाम फुटेपर्यंत थांबलेला आहे. तो तिथल्या तिथे परत करावा, बदलून देण्यास सहसा कुणी नाही म्हणत नाही.

ज्यांना अधिक खोलात जायचे असेल त्यांनी स्थानिक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य विभागाचे अहवाल पाहावेत. खाद्यगृहांच्या तपासणीचे निष्कर्ष अनेक काउंट्या संकेतस्थळावर टाकतात, आणि क्रीडागृहाचे नाव दिल्यास तिथल्या काउंटरांच्या नोंदी वेगवेगळ्या निघू शकतात. एखाद्या वर्षीच्या किरकोळ शेऱ्याने घाबरू नये. तोच शेरा, विशेषतः तापमानाचा किंवा हात धुण्याचा, वर्षानुवर्षे येत असेल तर ते काउंटर टाळावे.

शाकाहारी प्रेक्षकासाठी

इथे जरा सावकाश जावे लागते. फलकावर 'व्हेज' दिसले म्हणजे आपल्या अर्थाने शाकाहारी असे नव्हे. फ्राइज बटाट्याच्याच असतात, पण बहुधा ज्या तेलात चिकन टेंडर तळतात त्याच तेलात तळलेल्या असतात. व्हेज बर्गरची टिक्की बीफच्याच तव्यावर भाजली जाते. नाचोजवर 'चिली' घातले की त्यात बहुधा बीफचा खिमा असतो, आपली मिरची नव्हे, आणि हा घोटाळा आपल्याकडच्या पाहुण्यांच्या बाबतीत वारंवार होतो. परतलेल्या घट्ट बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. फुगवलेल्या तांदळाच्या गोड वड्यांमध्ये मार्शमॅलो आणि पर्यायाने जिलेटिन असते. चीज कोणत्या एन्झाइमने केले आहे हे काउंटरवर कुणी सांगू शकणार नाही, तेव्हा त्याबाबत काटेकोर असणाऱ्यांनी ते सोडूनच द्यावे. प्रेट्झेल, पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि फळांचा डबा एवढे बऱ्यापैकी निर्धास्त खाता येते. तरी प्रेट्झेलला वरून लावलेल्या लोण्याचे आणि आत अंडे आहे का याचे विचारून घ्यावे. जैन किंवा उपवासाच्या आहाराची अपेक्षा क्रीडागृहाकडून ठेवू नये.

विचारताना 'आय अ‍ॅम व्हेजिटेरियन' एवढे पुरत नाही. 'नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग' असे मोजून सांगावे आणि तळणीबद्दल 'डू यू फ्राय चिकन इन द सेम ऑइल?' असा थेट प्रश्न करावा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा गोंधळला तर वाद न घालता सुपरवायझरला बोलवायला सांगावे. याचे कारण असे की अनेक विद्यापीठांत काउंटरमागे उभी असलेली माणसे त्या धंद्यातली नसतातच. विद्यापीठाचा क्रीडा विभाग अ‍ॅरामार्क, लेव्ही किंवा सोडेक्सो लाइव्ह यांसारख्या कंपनीला ठेका देतो, आणि कंपनी सामन्याच्या दिवशी शाळेचा बँड, चर्चची मंडळी, मुलांचा क्रीडासंघ अशा संस्थांच्या स्वयंसेवकांना काउंटर सांभाळायला देऊन विक्रीतला हिस्सा त्या संस्थेला देते. नाचोज देणाऱ्या बाई आपल्या मुलीच्या शाळेच्या सहलीसाठी पैसे उभे करत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना तेलाचा इतिहास ठाऊक नसणे हा त्यांचा दोष नाही.

अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी बंद पाकिटातलेच घ्यावे हे उत्तम. पाकिटावर दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन यांचा उल्लेख करणे अमेरिकी कायद्याने बंधनकारक आहे, आणि 1 जानेवारी 2023 पासून त्यात तिळाचीही भर पडली आहे.

पैसे, पिशवी आणि पाणी

फलकावरची किंमत करासह नसते, आणि पैसे देताना पडदा टिप मागतो. काउंटरवर टिप न देणे गैर मानले जात नाही. बऱ्याच ठिकाणी रोख रक्कम घेतच नाहीत, तेव्हा भारतातून आलेल्या आईवडिलांकडे चालणारे कार्ड असावे. कॅमेऱ्यावर बिल होणारी, कार्ड टेकवून आत शिरायची छोटी दुकाने जलद आहेत खरी, पण घरी गेल्यावर पावती जरूर तपासावी. महागाईला इलाज नाही असे मात्र समजू नये: अटलांटाच्या व्यावसायिक फुटबॉल मैदानाने 2017 साली हॉट डॉग आणि पुन्हा भरून मिळणारे थंड पेय दोन-दोन डॉलरला विकायला सुरुवात केली. तेव्हा बाकीच्या मैदानांवरचे दर हा ठेकेदार आणि मालक यांनी केलेल्या निवडीचा परिणाम आहे.

पर्समध्ये चिवडा आणि थेपले नेण्याचा बेत दारात फसतो. अनेक विद्यापीठांत फक्त पारदर्शक पिशवी चालते, 12 इंच लांब, 6 इंच रुंद आणि 12 इंच उंच एवढीच. बाहेरचे खाणे चालत नाही. बाळाचे अन्न आणि वैद्यकीय गरजेचे खाणे याला सहसा सूट असते. मधुमेह असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी औषधाच्या चिठ्ठीसह ते वेगळे ठेवावे आणि तपासनीसाला आपणहून दाखवावे. रिकामी पाण्याची बाटली नेता येते का हे त्या क्रीडागृहाच्या नियमांत आधी पाहावे. येत असेल तर आतल्या नळावर ती फुकट भरता येते. फुटबॉलच्या बाबतीत सर्वांत चांगले जेवण मैदानाबाहेर, सामन्यापूर्वी गाड्यांच्या मागे मांडलेल्या पंगतीत, म्हणजे टेलगेटवर मिळते. तिथे घरून नेलेले बटाटेवडे आणि चटणी बिनदिक्कत उघडता येतात, आणि शेजारच्या गाडीवाल्यांशी ओळखही होते.

बिअर घ्यायची असल्यास पासपोर्ट किंवा अन्य ओळखपत्र जवळ हवे. केस पांढरे झाले आहेत हा पुरावा धरला जात नाही. एसईसी या दक्षिणेकडच्या विद्यापीठगटाने क्रीडागृहातल्या सर्वसामान्य प्रेक्षकांच्या जागांतली मद्यविक्री 2019 साली खुली केली, आणि त्यांच्या नियमानुसार पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या डावातल्या 12 मिनिटांच्या विरामाला विक्री बंद होते.

तक्रार पोहोचवायची कशी

पदार्थ खराब असेल तर आधी तो बदलून घ्यावा. सेवा खराब असेल, म्हणजे रांग हलत नसेल, चुकीची माहिती देऊन मांसाहारी पदार्थ दिला असेल, तर क्रीडागृहाच्या मदत क्रमांकावर लगेच संदेश पाठवावा. तो क्रमांक बहुधा पडद्यावर झळकतो. संदेशात काउंटरचा क्रमांक, जवळचा विभाग, घड्याळातली वेळ आणि नेमके काय घडले एवढेच असावे. 'अन्न वाईट आहे' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचे नसते. 'विभाग 12 जवळच्या काउंटरवर 7.40 ला शाकाहारी म्हणून दिलेल्या नाचोजमध्ये खिमा निघाला' या वाक्यावर सुपरवायझरला उठावेच लागते.

पुढची पायरी ठेकेदार कंपनीची नसून क्रीडा विभागाची आहे, कारण ठेका त्यांच्या हातात असतो. सामन्यानंतर इमेलवर येणारी प्रश्नावली टाकून न देता भरावी. विद्यार्थ्यांनी हीच गोष्ट विद्यार्थी परिषदेमार्फत मांडावी. भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी असलेल्या विद्यापीठात वेगळ्या तेलाची एक कढई मागणे अवाजवी नाही. सरकारी विद्यापीठ असेल तर ठेक्याचा करार माहितीच्या कायद्याखाली मागता येतो, आणि त्यात मुदत कधी संपते ते कळते. मागणी करण्याची वेळ उन्हाळ्याची, कारण फुटबॉल ऑगस्टअखेरीस आणि बास्केटबॉल नोव्हेंबरात सुरू होते. एकदा हंगाम लागला की पदार्थांची यादी बदलायला कुणाला सवड नसते.