डोंगरातल्या स्नोमोबाईलचा पट्टा किती लांब घ्यावा?

कॅनडातल्या रेव्हलस्टोकसारख्या भुसभुशीत, खोल बर्फात जायचं तर या बर्फावरच्या गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा १५४-१५५ इंची आणि त्यावरचे दाते अडीच इंचाच्या आसपास उंच, इथून विचार सुरू करा. झाडीतून वाट काढायला ही लांबी चपळ. तुमचं वजन जास्त, चढ उभे असतील तर १६५ घ्या. तरंगतो छान, पण वळवताना खांदे बोलायला लागतात! तीन इंची दाते ८०० सीसी किंवा त्याहून मोठ्या इंजिनालाच नीट पेलतात.

पार्किंगपासून डोंगरापर्यंतची वाट घट्ट, गोठलेली असेल तर उंच दाते त्रास देतात. थंडावा देणारा सैल बर्फ वर उडत नाही, मग पट्टा ज्यांवरून फिरतो त्या रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळतात, इंजिन तापतं. स्क्रॅचर, म्हणजे बर्फावर घासत जाणारे धातूचे काटे, बसवाच, ते गोठलेला थर खरवडून चुरा उडवतात.