रस्त्यावरच्या धुळीतले धातू मोजायचेत? आधी हवामान बघा
टायर झिजून जस्त आणि ब्रेकमधून तांबं रोज रस्त्यावर पडतच असतं, कोरडे दिवस जितके जास्त तितकं ते साठत जातं आणि एक जोरदार सर आली की बरंचसं गटारात वाहून जातं. म्हणून सॅम्पल घेताना शेवटचा पाऊस कधी आणि किती पडला हे लिहूनच ठेवा, नाहीतर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात खरंच काही अर्थ नाही. रस्ता ओला असेल तर थांबा, सुकू द्या. ब्रश प्लॅस्टिकचा, लोखंडी अजिबात नको. जोराचा वारा असेल तेव्हाही टाळा, कारण बारीक धूळ उडून जाते आणि धातू साधारणपणे त्याच बारीक कणांत जास्त असतात, म्हणून ६३ मायक्रॉनच्या (म्हणजे ०.०६३ मिलिमीटर छिद्रांच्या) चाळणीतून खाली पडलेली धूळ वेगळी तपासा.