रीफ टँकसाठी स्वस्त टेस्ट किट निवडताना या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्याचे पाणी तपासायचे टेस्ट किट घेताना बहुतेक जण आधी किंमत पाहतात आणि मग डब्यात किती टेस्ट होतात ते. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे रीडिंग पाहून मी टँकमध्ये नेमके काय करणार आहे? ज्या आकड्यावरून पाण्यात घालायच्या क्षारांचा रोजचा डोस ठरतो, तिथे चांगले किट लागते. ज्या टेस्टला फक्त ‘आहे की नाही’ एवढेच सांगायचे असते, तिथे सर्वांत स्वस्त किटही पुरते. पैसे वाया जातात ते या दोन्हींची अदलाबदल झाल्यामुळे.

मोठा संच एकदम उचलणे

खाऱ्या पाण्यासाठी मिळणाऱ्या एपीआय कंपनीच्या ‘मास्टर’ किटमध्ये अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच अशा चार टेस्ट असतात. नवा टँक सायकल होत असताना, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वसत असताना, अमोनियाची टेस्ट हवीच, पण ते काम काही आठवड्यांचे. त्यानंतर मासा मेला, फिल्टर बंद पडला, अशा वेळीच ती बाटली बाहेर निघते. नायट्राइटचे महत्त्व तर समुद्री टँकमध्ये आणखी कमी, कारण पाण्यातले भरपूर क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांना त्याचा जितका धोका असतो, तितका इथे नसतो. पीएच दिवसा चढतो, रात्री उतरतो, आणि रंग पाहून तो दशांशात ओळखणे अवघडच. म्हणजे कोरल वाढवणाऱ्याला पुढे रोज लागणारी अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याची) टेस्ट या संचात नाहीच. एपीआयच्याच रीफ संचात कॅल्शियम, केएच (म्हणजेच अल्कलिनिटी), नायट्रेट आणि फॉस्फेट असतात. तो कामाला जास्त जवळचा आहे, पण त्यातल्या फॉस्फेटबद्दल पुढे बोलायचे आहे.

कॅल्शियमवर खर्च आणि अल्कलिनिटीवर काटकसर

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, म्हणून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात एकत्र खर्च होतात. अल्कलिनिटी १ डीकेएच (तिचे एकक) उतरली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) उतरते. आता हे टक्क्यांत पाहा. ८ डीकेएचमधून १ गेले म्हणजे साडेबारा टक्के गेले. ४२० पीपीएममधून ७ गेले म्हणजे दोन टक्केही नाहीत. कॅल्शियमचे उत्तम किटही एवढा फरक खात्रीने दाखवू शकत नाही. टँकमध्ये काय चालले आहे ते आधी अल्कलिनिटीच सांगते. तिच्यासाठी बारीक पायऱ्यांचे किट घ्या. कॅल्शियम पंधरा दिवसांनी आणि मॅग्नेशियम महिन्याने तपासले तरी चालते. फक्त सॉफ्ट कोरल (कडक सांगाडा नसलेले) असतील आणि पाणी नियमित बदलत असाल, तर या दोन टेस्टवाचून बराच काळ निभावते.

स्वस्त किट घ्यायचेच असेल तर त्यातून जास्त काम काढता येते. एपीआयच्या केएच टेस्टमध्ये ५ मिली पाण्यात एक थेंब म्हणजे १ डीकेएच. आठव्या थेंबाला रंग बदलला, तर खरा आकडा सातच्या जरा वर असेल किंवा पूर्ण आठ. पाणी १० मिली घेतले की प्रत्येक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. रीएजंट (टेस्टचे रसायन) दुप्पट लागते, पण रीडिंग वापरण्याजोगे होते. याहून बारीक हवे असेल तर सॅलिफर्ट कंपनीसारखे, थेंबांऐवजी सिरिंजने मोजायचे किट बरे.

डिजिटल मीटरबद्दलही एक गैरसमज आहे. हॅना कंपनीचा अल्कलिनिटी चेकर दशांशापर्यंत आकडा दाखवतो, पण कंपनीनेच दिलेली अचूकता ±०.३ डीकेएच अधिक रीडिंगच्या ५ टक्के अशी आहे. म्हणजे ८ च्या आसपास एकूण ०.७ पर्यंत इकडेतिकडे. काल ८.४ आणि आज ८.१ आले म्हणून लगेच डोस वाढवू नका. त्याचा खरा फायदा वेगळा आहे: रंग ओळखायची कटकट नाही. ज्यांना निळ्या-हिरव्या छटा वेगळ्या दिसत नाहीत, त्यांनी तो जरूर घ्यावा. फक्त घेण्याआधी रीएजंटच्या बाटलीत किती टेस्ट होतात ते पाहून दर टेस्टचा खर्च काढा. यंत्र एकदाच घ्यायचे असते, बाटली मात्र पुन्हापुन्हा.

फॉस्फेटसाठी जाड मोजपट्टी

रीफ टँकमध्ये फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम असावे असे मानतात. एपीआयच्या फॉस्फेट तक्त्यावर शून्यानंतरचा रंग थेट ०.२५ चा आहे. म्हणजे आपल्याला हवी असलेली सगळी मर्यादा पहिल्या दोन रंगांच्या फटीत. असे किट कितीही स्वस्त असले तरी ते पैसे वायाच जातात. फॉस्फेट मोजायचे ठरवले तर ते कमी पातळीसाठी बनवलेल्या मीटरनेच मोजा, नाहीतर सध्या मोजू नका. हॅनाचा जो मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवतो, त्याच्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागावे लागते. १६ पीपीबी म्हणजे सुमारे ०.०५ पीपीएम फॉस्फेट. हा गुणाकार विसरून अनेक जण विनाकारण चिंता करतात किंवा विनाकारण निश्चिंत राहतात.

आणि फॉस्फेट शून्य आले पण काचेवर शेवाळ माजले आहे, तर किट बिघडले असे लगेच ठरवू नका. शेवाळ ते पाण्यातून उचलून घेते, त्यामुळे मोजायला काही उरत नाही.

नायट्रेटची बाटली नीट न हलवणे

एपीआयच्या नायट्रेट टेस्टमधली दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची असते, नंतर टेस्ट ट्यूब पूर्ण एक मिनिट हलवायची आणि पाच मिनिटे थांबायचे. तळाशी बसलेला घटक पाण्यात मिसळलाच नाही, तर रीडिंग खोटे कमी येते. ‘माझ्याकडे नायट्रेट नेहमी शून्यच’ याचे कारण कित्येकदा एवढेच असते. उलट सायकल चालू असताना नायट्रेट खोटे जास्त दिसते, कारण ही टेस्ट नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मग रंग देते आणि पाण्यात आधीच असलेले नायट्राइटही त्यात मोजले जाते. तेव्हाच्या आकड्यावर विसंबू नका. सॅलिफर्टच्या किटमध्ये रंग फारच फिका असेल तर नळी बाजूने पाहून आकड्याला दहाने भागायची सोय आहे. कमी पातळीला तिचा उपयोग होतो.

गोड्या पाण्याचे जीएच किट वापरणे

जीएच म्हणजे पाण्याची एकूण कठीणता. तिचे किट घरात आधीचे आहे म्हणून काही जण तेच चालवतात. समुद्राच्या पाण्याची एकूण कठीणता ३५० जर्मन अंशांच्या आसपास जाते. थेंब मोजता मोजता बाटली संपेल, आणि कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती हे तरीही कळणार नाही. कागदी पट्ट्याही टाळा, त्यांच्या रंगांच्या पायऱ्या रीफसाठी फार मोठ्या असतात.

सॅलिनिटी न तपासता बाकी सगळे तपासणे

समजा, पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, ३५ ऐवजी ३१ पीपीटीवर (हजारात इतके भाग) आहे. मग ४२० असायला हवे ते कॅल्शियम ३७२ च्या आसपास दिसेल आणि १३०० चे मॅग्नेशियम ११५० च्या. टँकधारक दोन्हींचे डोस सुरू करतो. खरे तर कमी पडलेले असते ते मीठ! म्हणून पहिला खर्च खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर करा. तो शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावायला हवा. हे द्रावण घरी होते: ३६.५ ग्रॅम साधे मीठ, ९६३.५ ग्रॅम आरओडीआय (गाळून क्षारमुक्त केलेले) पाणी. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटर हेच मोजतो) ३५ पीपीटी समुद्री पाण्याइतकाच असतो. काट्याचा हायड्रोमीटर वापरत असाल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे आकडा वाढवतात आणि साचलेले क्षार तो कमी करतात.

आकडा विचित्र आला तर

आधी डोसिंगला हात लावू नका. टेस्ट पुन्हा करा. बाटली उभी सरळ धरली होती का ते आठवा, कारण तिरक्या बाटलीतून थेंब लहानमोठे पडतात. सिरिंजच्या किटमध्ये द्रवाची पातळी न पाहता दट्ट्याची कड वाचायची असते. टोकातली थोडी हवा वर दिसणारच, तिने फरक पडत नाही. मीटरच्या काचेच्या कुपीवर बोटांचे ठसे, ओरखडे किंवा आत बारीक बुडबुडे असले तरी रीडिंग बिघडते.

तरीही शंका राहिली तर किटचीच परीक्षा घ्या. २.४ ग्रॅम खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, आरओडीआय पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. त्यातले १०० मिली घेऊन आरओडीआय पाण्याने पुन्हा एक लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी ८ डीकेएच असते. किटने ७ दाखवले तर किट एक अंश कमी दाखवते हे कळले, आणि तेवढी दुरुस्ती धरून तेच किट वापरत राहता येते. दोन कंपन्यांची किट वेगळे आकडे देत असतील तेव्हाही खरे कोण हे याच द्रावणाने ठरवा. मधेच कंपनी बदलली तर महिनाभराच्या नोंदींची तुलना तुटते. बदलावीच लागली तर जुनी बाटली संपण्याआधी दोन्ही किटने एकाच पाण्याची टेस्ट करून फरक लिहून ठेवा.

खरोखरच अल्कलिनिटी घसरली असेल, तर ती दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, डोस देण्याआधी, पुन्हा मोजा.