ऐकू येतं पण कळत नाही म्हणणाऱ्या आज्जीशी कसं बोलायचं

परभणीचा उन्हाळा, कूलर घुर्रर्र चालू, मी स्वयंपाकघरातून विचारलं "आज्जी, सार वाढू का?" तर ती म्हणाली "फार नको." ओरडून विचारलं तर रागावली, "वरडायलीस कशाला, ऐकू यायलंय मला." खरंच यायलं होतं, फक्त शब्दाचं पहिलं अक्षर पोचत नव्हतं.

तर आधी घरीच बघा. मागं उभं राहून नेहमीच्या आवाजात तार, सार, फार, खार असं उलटसुलट म्हणा आणि त्यांना परत म्हणायला लावा. मागचा "आर" बरोबर आणि पहिलं अक्षर सारखं चुकायलं, तर बहुतेक वरच्या पट्टीचे, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येणं कमी झालंय. आ, ओ हे स्वर जोरकस असतात, स मात्र हलका, त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनांच्या) वर. कानात आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी तिच्या तोंडाशीच असतात आणि वयानुसार सहसा त्याच आधी झिजतात. म्हणून ओरडून उपयोग नाही, आ तेवढा मोठा होतो, स तिथंच राहतो.

मग कूलर, टीव्ही बंद करा (निम्मं काम इथंच होतं), समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पाहिजे, आणि तेच शब्द परत म्हणा. फरक लगेच दिसतो, कारण माणूस डोळ्यांनीपण ऐकतो. १९७६ मधे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आवाज "बा"चा आणि दिसणारे ओठ "गा"चे असले तर बऱ्याच जणांना चक्क "दा" ऐकू येतं.

बोलताना आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की जरा सावकाश पूर्ण वाक्य बोला. नुसतं "सार?" नाही, "भातावर चिंचेचं सार वाढू का?" भात म्हणलं की पुढचं अर्धं डोकंच जुळवून घेतं. नाही कळलं तर तोच शब्द दहादा म्हणू नका, वाक्य बदला.

आणि एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या, कधीकधी नुसता मळ असतो, नाहीतर ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून कानाचं मशीन लागतं का ते कळतं. एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र त्याच दिवशी न्या, आणि कानात गरम तेल अजिबात घालू नका.