खुराड्यातली ओल: पावसाळ्यात परसातल्या कोंबड्यांची काळजी

पावसात भिजलेली कोंबडी पिसे झटकून सुकते, पण खुराड्यात खाली अंथरलेली गादी भिजली की आपोआप सुकत नाही. रक्ती हगवण, जंत, पाणावलेले डोळे, बुरशी या पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. म्हणून औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी खुराड्याची जमीन तपासा.

गादी म्हणजे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा, निदान 3 इंच जाड. मूठभर गादी हातात घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हळूहळू सुटला तर ठीक, आणि नुसती धूळ उडाली तर गादी फाजील कोरडी. दुसरी खूण नाकाची. मात्र उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन हुंगा. तिथे अमोनियाने डोळे चुरचुरत असतील तर कोंबड्या तीच हवा रात्रभर घेत आहेत, आणि पुढे सर्दी-खोकल्याला वाट मोकळी होते.

गादी ओली झाली की आपण छपराला दोष देतो, पण बऱ्याचदा खरे कारण पाण्याचे भांडे असते. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. भांडे त्याहून खाली असेल तर चोचीतून पाणी सांडते, पाय बुडतात आणि गादी उकरताना घाण पाण्यात पडते. भांडे टांगा किंवा विटांवर ठेवा. खाली जाळी लावलेला ट्रे असेल तर फारच उत्तम. छपराची वळचण भिंतीबाहेर 3 फूट असावी. झडीसाठी पडदा लावाल तो खालून वर चढवा आणि वरचा एक फूट मोकळा सोडा. गरम दमट हवा तिथूनच बाहेर पडते. चारही बाजू प्लास्टिकने गच्च बांधल्या तर पाऊस आत येणार नाही, पण विष्ठेची वाफ आतच कोंडून राहील.

आठवड्यातून दोन-तीनदा दाताळ्याने गादी खालीवर करा. चिखल किंवा ढेप झालेला भाग उचलून टाका आणि तिथे कोरडी गादी घाला. चुना टाकायचा झाला तर विझवलेला आणि पातळ भुरभुरून. कळीच्या चुन्याने पाय भाजतात. शिवाय ओल्या गादीत चुना मिसळताच अमोनिया उसळतो, म्हणून हे काम सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर करा. जागाही पुरेशी हवी. दर पक्ष्याला 2 चौरस फूट धरले तर 12 कोंबड्यांना 4 बाय 6 फुटांचे खुराडे लागते. बसायच्या दांड्यावर प्रत्येकीला 8 इंच द्या.

3 ते 8 आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवणीचा सर्वांत जास्त धोका असतो. विष्ठेतून पडलेली या रोगाची बीजे ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात. कोरड्या गादीत ती तितकी तयार होत नाहीत. पिल्लू पंख सोडून, अंग फुगवून कोपऱ्यात बसले आणि विष्ठेत रक्त दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून पाण्यातून ॲम्प्रोलियम सुरू करा. आजारी पिल्लू खाणे सोडते, पण पाणी पिते, म्हणून औषध पाण्यातून. ते चालू असताना बी-1 असलेले जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नका, कारण त्याने औषधाचा परिणाम मारला जातो. गादी ओलीच राहिली तर आठवडाभरात रोग परत येईल, हे वेगळे सांगायला नको.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतेच खाद्य आणा. पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. कुबट वास, गुठळ्या किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते खाद्य टाकून द्या. उन्हात वाळवून बुरशी मरेल, पण तिने सोडलेले विष उन्हाने किंवा भाजण्याने जात नाही. ते यकृत खराब करते, अंडी घटतात आणि लसही नीट लागू पडत नाही. ‘थोडेच खराब आहे, मिसळून संपवू’ हा हिशेब महागात पडतो.

पाणी गढूळ येत असेल तर आधी निवळून घ्या. मग जंतू मारण्यासाठी 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळा आणि गाळ बसू द्या. वरच्या निवळीतले 30 मिली 20 लिटर पाण्यात घालून अर्ध्या तासाने कोंबड्यांपुढे ठेवा. पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून ब्लीचिंग बंद.

राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाला औषध नाही, लसच आहे. लासोटा ही लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि पुढची टोचायची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. जंताचे औषध लसीच्या आठवडाभर आधी द्या. लसीची कुपी अनेकदा 100 पक्ष्यांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्यांनाही सांगा आणि सगळ्यांची लस एकाच सकाळी उरका. कुपी बर्फात आणा. उरलेली लस उद्यासाठी ठेवलीत तर ते नुसते पाणी टोचल्यासारखेच. देवीचा रोग डास पसरवतात, त्यामुळे खुराड्याभोवतीची डबकी बुजवा.

अंडी अचानक घटली आणि तुरे फिके पडले तर रात्री बॅटरी घेऊन दांड्याच्या फटी पाहा. लाल माइट हा गोचिडीच्या जातीचा बारीक किडा दिवसा फटीत लपतो आणि रात्री रक्त पितो, त्यामुळे दिवसा कोंबडी धरून पाहिली तर काहीच सापडत नाही. उवा मात्र अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसे बाजूला केली की त्यांच्या बुंध्याशी अंडी चिकटलेली दिसतात. फवारणी 7 ते 10 दिवसांनी पुन्हा करा, कारण पहिल्या खेपेला अंडी मरत नाहीत. छपराखाली कोरडी माती आणि राख भरलेले घमेले ठेवले की कोंबड्या आपली धूळस्नाने आपण करतात.

साधी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर नाही. कुत्रा ती फाडतो, साप आणि उंदीर तिच्यातून आत येतात. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा. तळाशी ती फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीत पुरा. घूस किंवा मुंगूस भिंतीलगत उकरायला लागते, खाली जाळी लागते आणि ते तिथेच थांबते. दाराला दोन कड्या लावा, आणि संध्याकाळी कड्या घालण्याआधी कोंबड्या मोजा.

नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा. खाणेपाणी आधी जुन्यांना, मग तिला.

एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तोंड सुजले किंवा माना पिळल्या तर घरचा उपाय करत बसू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. तो शिजवू नका, ओढ्यात टाकू नका, कुत्र्यापुढे फेकू नका. उरलेल्या कोंबड्या विकायलाही काढू नका. लहान मुलांना खुराड्यापासून दूर ठेवा, आणि तिथे वापरलेल्या चपला घरात आणू नका.