बूस्टचं बटण दाबण्याआधी

नाशिकच्या दुकानांचं सोशल मीडियाचं काम घेताय म्हणजे पेज काढणं, रील कापणं तुम्हाला येतंच. मालकाला पहिल्या भेटीत एवढंच विचारा: गिऱ्हाइकाने दुकानात यायचं, फोन करायचा, की व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायची? "नाव झालं पाहिजे" एवढ्या उत्तरावर उठू नका.

नव्या माणसाचे पैसे बुडतात ते 'बूस्ट पोस्ट'मध्ये, म्हणजे पेजवरची पोस्ट पैसे भरून जास्त लोकांना दाखवणाऱ्या बटणात. मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची) यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. लाइक-कमेंट मागितल्या, तर दिसेल त्याला लाइक करणाऱ्यांपुढेच जाहिरात जाते, कारण तिथे लाइक स्वस्त पडतं. तो माणूस विकत घेणारा आहे का, हे तिथे बघितलंच जात नाही. आठवडाभर आकडे चढतात, मालक खूश होतो. महिनाअखेरीला गल्ला तेवढाच असतो आणि बोलणी तुम्ही खाता. बूस्टमध्येही मेसेजचा पर्याय असतो, पण घाईत तो निसटतो. म्हणून ॲड्स मॅनेजरमध्येच, म्हणजे मेटाच्या जाहिराती नीट आखायच्या साधनातच, काम करा. व्हॉट्सॲपवर ऑर्डर हवी असेल तर तिथेही उद्दिष्ट 'एंगेजमेंट'च (लाइक-कमेंटही ज्यात येतात तेच) दिसेल, घाबरू नका. आत मेसेजचं ठिकाण निवडा आणि ध्येय 'संभाषणं' ठेवा. नाव तेच, पण शोधली जाणारी माणसं वेगळी.

मग जागा. गंगापूर रोडच्या मिसळवाल्याला रोजचं गिऱ्हाईक आसपासचं, म्हणून दुकानावर पिन टाकून थोड्याच किलोमीटरचं वर्तुळ घ्या. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांसाठी जाहिरात वेगळी. बेदाणे कुरिअरने पाठवणाऱ्याने मात्र नाशिकपुरतं अडकून राहू नये.

आता बजेट. समजा रोज 300 रुपये, 7 दिवस, म्हणजे 2,100. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378 धरून 2,478 होतात. मालकाला हा शेवटचा आकडा आधीच सांगा, नाहीतर बिल आल्यावर वाद ठरलेला. एवढ्या पैशांत पाच ॲड सेट (वेगवेगळ्या लोकांसाठी केलेले जाहिरातीचे गट) करू नका. एका सेटला आठवड्यात साधारण 50 निकाल (इथे संभाषणं) मिळाले की यंत्रणा स्थिरावते. पैसे वाटले गेले तर कुठलाच सेट तिथवर पोहोचत नाही. रोज बजेट किंवा फोटो बदलत बसलात तर तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पहिले दोन-तीन दिवस महाग पडतात. ते सर्वांचेच पडतात, हात आवरा.

मेसेज येतात आणि दुकानातला फोन ड्रॉवरमध्ये पडून असतो, हे फार दिसतं. उत्तर कोण देणार त्याचं नाव जाहिरात सुरू करण्याआधी ठरवा. भाव, पत्ता, डिलिव्हरीचे दिवस व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये (तयार उत्तरांत) भरून ठेवा. "किंमतीसाठी इनबॉक्स करा" हा प्रकार मला अजिबात पटत नाही. किंमत लपवली की गंभीर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळतं.

'30 दिवसांत व्हायरल' शिकवणाऱ्या महागड्या कोर्सला पैसे देऊ नका. मेटा ब्लूप्रिंटचे, म्हणजे मेटाच्याच ऑनलाइन शिकवणीचे, धडे फुकट आहेत. गुरू करायचाच तर स्वतःच्या पैशांनी जाहिरात चालवणारा दुकानदार शोधा. तो तुम्हाला तोट्याचे आकडेही दाखवेल.

काउंटरवर एक वही ठेवा: "आमच्याबद्दल कुठे कळलं?" रील, गुगल, ओळखीचे, बोर्ड असे चार रकाने पुरेत. पंचवटीत दुकान असेल तर 2027 च्या सिंहस्थात गुगल मॅपवर शोधत येणारे खूप असतील. त्यांच्यासाठी गुगलवरच्या दुकानाच्या बिझनेस प्रोफाइलवर वेळा, पार्किंग आणि हिंदीतली माहिती आधीच भरा.